होडीवर म्युझिक सिस्टीम बसवायची तर: जागा, वायरिंग आणि खाऱ्या हवेपासून बचाव

सीझन सुरू झाला की तोच प्रश्न परत परत येतो, की स्टिरिओ नवा कोरा होता, खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं होतं, तरी दिवाळीपर्यंत आवाज फाटायला लागला नाहीतर पूर्ण बंदच पडला. उघडून बघितलं तर बहुतेक वेळा पुढचा डिस्प्ले, बटणं सगळं ठीक असतं. गेलेलं असतं ते मागचं. प्लगच्या पिनांवर हिरवट पूड, आणि वायर सोलली तर आतलं तांबं लालसर दिसायच्या ऐवजी काळं पडलेलं, तेही टोकालाच नाही तर चांगलं वीतभर आतपर्यंत. खारा ओलावा तारांच्या मधल्या बारीक फटीतून कव्हरच्या आत चढत जातो आणि बाहेरून वायर नवीच्या नवी दिसते.

म्हणून इथे सगळा भर मागच्या बाजूवर आहे. हिशोब धरलाय तो मालवण-तारकर्ली, मुरूड, हर्णै, गोवा अशा ठिकाणच्या फायबरच्या पर्यटक बोटीचा किंवा ट्रॉलरच्या केबिनचा. तापोळा, पानशेत असल्या गोड्या पाण्यावर बोट असेल तर मिठाचा त्रास कमी, पण बाकीचं सगळं तसंच लागू.

खरेदीच्या आधी

मरीन स्टिरिओ आणि कारचा स्टिरिओ यात फरक नुसता पांढऱ्या रंगाचा नसतो. मरीनमध्ये आतल्या सर्किटवर संरक्षक कोटिंग मारलेलं असतं, प्लास्टिक उन्हात लवकर फुटत नाही आणि पिनांवर चांगलं प्लेटिंग असतं. आयपी नंबर (पाणी-धूळ किती अडवतो त्याचं रेटिंग) बघून घ्या, पण त्याचा अर्थ समजून घ्या. आयपीएक्स५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं. या दोन्ही टेस्ट साध्या पाण्याच्या आहेत, त्यात मीठही नाही आणि मे महिन्याचं ऊनही नाही. शिवाय बऱ्याच मॉडेलमध्ये हा नंबर फक्त पुढच्या पॅनेलचा असतो, मागचा डबा उघडाच. माहितीपत्रकात ते बारीक अक्षरात दिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

कारचा स्टिरिओ चालेल का? ट्रॉलरच्या बंद केबिनमध्ये, काच लावलेली असेल तर चालतो, पण तो मरीनएवढा टिकणार नाही हे धरूनच घ्या आणि सीडीची खाच नसलेलाच घ्या, कारण ती खाच म्हणजे मिठाला उघडं दार. उघड्या बोटीवर कारचा स्टिरिओ बसवण्यात अर्थ नाही. स्पीकरच्या बाबतीत मात्र तडजोड नकोच. कागदी कोनचा (पुढच्या थरथरणाऱ्या पडद्याचा) स्पीकर दमट हवेत मऊ पडतो, म्हणून कोन प्लास्टिकचा आणि कडा रबराची पाहिजे.

आता वायर. मरीन वायर म्हणजे टिन्ड कॉपर, आपल्याकडे भांड्यांना कल्हई करतात तशी प्रत्येक बारीक तारेवर कथिलाची कल्हई असते. महाग पडते पण स्टिरिओवर दोन पैसे कमी खर्च करा आणि वायर ही घ्या, माझं ठाम मत आहे. आणि एका गोष्टीपासून सांभाळा. कार अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात अ‍ॅम्प्लिफायर किट म्हणून ज्या जाडजूड चकचकीत वायरी मिळतात त्यातल्या पुष्कळशा आतून अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, वरून फक्त तांब्याचा मुलामा. खाऱ्या हवेत त्याचा अक्षरशः भुगा होतो.

तपासा: वायरीतली एक तार घेऊन ब्लेडने खरवडा. वरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम, परत करा. वरून पांढरी आणि आतून लाल निघाली तर ती कल्हईची, बिनधास्त घ्या.

बाकी सामान आधीच गोळा करून ठेवा: गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी (आतून गोंद असलेलीच, साधी नको), चांगल्या प्रतीच्या टिन केलेल्या थिंबल (वायरीच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या टोप्या), त्या दाबून पक्क्या करायला रॅचेटवाला क्रिम्पिंग पाना, झाकणवाला फ्यूज होल्डर, केबल ग्लँड (वायर भोकातून जाते तिथे आवळून बसणारी बूच), डायइलेक्ट्रिक ग्रीस, ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू, न्यूट्रल सिलिकॉन, मल्टिमीटर. ३०४ ग्रेडचे स्क्रू स्वस्त मिळतात पण समुद्रावर त्यांना तांबूस डाग येतातच.

१. बॅटरी आणि व्होल्टेज

पहिलं काम मल्टिमीटर लावायचं. लहान बोटीवर १२ व्होल्ट असतं पण मोठ्या ट्रॉलरवर बऱ्याचदा दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेलं असतं. स्टिरिओ १२ चाच असतो. मग लोक काय करतात, दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतात. वाजतो छान, पण ती एक बॅटरी रोज जास्त उतरते, चार्जिंग मात्र दोघींना एकत्रच मिळतं, त्यामुळे एक कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. थोड्या महिन्यात दोन्ही बाद. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो तोच लावायचा, आणि स्टिरिओला जेवढे अँपिअर लागतात त्याच्या दीडपट क्षमतेचा.

इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ ते १२.७ दाखवते. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ च्या आसपास यायला हवं. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटरमध्ये बिघाड आहे, ते दुरुस्त केल्याशिवाय स्टिरिओ जोडू नका, जळू शकतो. जुन्या काही आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या) इंजिनांना रेग्युलेटरच नसतो, तिथे हे हमखास होतं. आणि दोरी ओढून सुरू होणाऱ्या लहान आउटबोर्डवर चार्जिंगच नसतं पुष्कळदा, म्हणजे बॅटरी घरी नेऊन चार्ज करायची तयारी ठेवा.

इंजिन सुरू करायची बॅटरी आणि गाण्यांची बॅटरी वेगळी ठेवता आली तर फार उत्तम. साधा स्टिरिओ मध्यम आवाजात चार अँपिअर घेतो असं धरलं तर पाच तासांत २० अँपिअर-अवर गेले, म्हणजे ६० च्या बॅटरीचा तिसरा हिस्सा. वेगळी बॅटरी शक्य नसेल तर छोटा व्होल्टमीटर डोळ्यासमोर लावा आणि गाणी बंद करून थोड्या वेळाने १२.२ दिसलं की त्या दिवसाचं गाणं संपलं. ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी इंजिन स्टार्ट न होणं किती महागात पडतं ते बोटवाल्यांना सांगायला नको.

२. जागा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा आणि नेमका इथेच सगळ्यात कमी दिला जातो. लोक सपाट मोकळा भाग दिसला की कापून मोकळे होतात.

होकायंत्र पहिलं. स्पीकरमध्ये चांगला ताकदीचा चुंबक असतो. मीटरभर लांब ठेवा असं ढोबळ सांगता येतं पण मोठ्या चुंबकाला तेवढंही पुरत नाही, म्हणून करूनच बघायचं. बोट वर ओढलेली असताना, म्हणजे हलत नसताना, होकायंत्रावरचा अंश वाचून ठेवा. मग स्पीकर त्याच्या ठरलेल्या जागी हाताने धरा, परत वाचा. काटा तसूभरही सरकला तर जागा बदला. जीपीएस आहे की, होकायंत्र कोण बघतं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण जीपीएस ज्या बॅटरीवर चालतो तीच बॅटरी संपलेली असते तेव्हाच होकायंत्र लागतं.

दुसरं वायरलेस. व्हीएचएफ सेटच्या, म्हणजे बोटीवरच्या वायरलेस रेडिओच्या, अँटेनाची केबल ज्या बाजूने जाते त्या बाजूने स्टिरिओची वायर नेऊ नका. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडू द्या, समांतर नको.

तिसरं पेट्रोल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली, टाकीच्या कप्प्यात आणि बोटीच्या तळाशी साचून राहते. त्या कप्प्यात स्टिरिओ, अ‍ॅम्प्लिफायर, फ्यूज, स्विच, काहीही नको, एक ठिणगी पुरते. बॅटरीच्या पेटीतही नको, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

इशारा: फायबरच्या बोटीत बसायच्या बाकाखाली किंवा कडेच्या भिंतीत बंद हवेचे किंवा फोम भरलेले कप्पे असतात. बोट पाण्याने भरली तरी ती तरंगत राहते ती त्यांच्यामुळे. स्पीकरसाठी त्या कप्प्याला भोक पाडलं तर तुम्ही प्रवाशांच्या जिवाची सोय काढून घेतली. भिंत पोकळ वाजली म्हणून कापायला घेऊ नका, आधी बोट बांधणाऱ्या कारखान्याला विचारा. खात्री झाली नाही तर भोक न पाडता वर पाईपला क्लॅम्पने बसणारे डब्यासारखे स्पीकर मिळतात, ते लावा.

हे झाल्यावर मग पाणी बघायचं. स्टिरिओ उभ्या पॅनेलवर, वरून काहीतरी छज्जासारखं येईल असा. आडव्या डॅशबोर्डवर तोंड वर करून बसवला की त्याच्या कडेला पाणी तुंबून राहतं, ते वाळतं, मीठ राहतं, परत पाणी येतं. नाळेकडून (बोटीच्या पुढच्या टोकाकडून) येणारी पाण्याची उडी कुठपर्यंत पोचते ते बोटीवरचे खलाशी बरोबर सांगतील, त्यांना विचारा. मागच्या बाजूला स्टिरिओची खोली अधिक प्लग वळायला निदान चार बोटं जागा पाहिजे. हात घालून चाचपा, मोबाईल आत घालून फोटो काढा, आणि कोणाला तरी सुकाणूचं चक्र पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवायला सांगा, स्टिअरिंगची केबल त्या जागेतून फिरत असेल तर ती तुमच्या वायरी एक दिवस ओढून तोडणार.

शेवटचं, तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा, हात पोचायला हवा. वायरलेसवर हाक आली किंवा कोणी पाण्यात पडलं तर आवाज एका क्षणात बंद करता आला पाहिजे.

३. कापायच्या आधी टेबलावर वाजवून बघा

घरी, १२ व्होल्टच्या बॅटरीवर, सगळे स्पीकर जोडून अर्धा-एक तास वाजवा. खराब पीस असेल तर आत्ताच कळेल, बोटीत बसवल्यावर तो पीस खराब होता की वायरिंग चुकलं हे ओळखणं अवघड.

रंग साधारण ठरलेले असतात: पिवळी म्हणजे कायम १२ व्होल्ट, लाल म्हणजे स्विचनंतरचं १२ व्होल्ट, काळी निगेटिव्ह. पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि यातल्या ज्या वायरीवर काळी रेघ ती त्या स्पीकरची निगेटिव्ह. तरी प्लगवरचं स्टिकर बघूनच जोडा.

इशारा: परदेशातून आलेल्या किंवा अमेरिकन पद्धतीने वायरिंग केलेल्या बोटीत पिवळी वायर ही निगेटिव्ह असू शकते. स्टिरिओची पिवळी ही पॉझिटिव्ह. पिवळीला पिवळी जोडली की शॉर्ट. बोटीतली कुठलीही वायर रंगावरून ओळखू नका, मीटर लावून ओळखा.

४. पॉवरची वायर

स्टिरिओसाठी बॅटरीवरून स्वतंत्र जोडी ओढायची, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही. कारमध्ये निगेटिव्ह बॉडीला लावायची सवय असते, त्यामुळे कारचा इलेक्ट्रिशियन बोटीवर आला की तो निगेटिव्ह इंजिनाला नाहीतर जवळच्या लोखंडी बोल्टला देतो. फायबर आणि लाकडाला बॉडी अर्थ नसतोच, आणि इंजिनाला दिली की इंजिनाचा सगळा आवाज स्पीकरमधून शिट्टीसारखा येतो, वर पाण्यातल्या धातूच्या भागांची झीज व्हायची भीती वेगळीच.

तशीच दुसरी सवय म्हणजे जवळ दिसेल त्या वायरीतून टॅपिंग. बिल्ज पंपाच्या (बोटीच्या तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये, साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या) वायरीला तर हातही लावू नका. तिथे फ्यूज उडाला तर गाणं बंद पडलेलं कळेल, पंप बंद पडलेला कळणार नाही. दिव्यांच्या लाईनलाही नको.

जाडी किती? बॅटरीपासून स्टिरिओपर्यंत ५ मीटर अंतर असेल तर करंट जाऊन परत येतो म्हणजे १० मीटर तांबं झालं. १० अँपिअर ओढले तर १.५ चौरस मिमीच्या वायरीत जवळजवळ १.२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, २.५ मध्ये पाऊण व्होल्ट, ४ मध्ये अर्ध्याच्या जरा खाली, ६ मध्ये ०.३. घरातल्या पंख्याची वायर वापरली की आवाज वाढवल्याबरोबर स्टिरिओ बंद होऊन परत चालू होतो ते ह्यामुळेच, आणि लोक मात्र स्टिरिओ बदलून आणतात. नुसता स्टिरिओ असेल तर ४ चौरस मिमी घ्या. अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याच्यासाठी वेगळी, त्याच्या फ्यूजप्रमाणे जाड.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावायचा. अमेरिकन बोट मानकात ही मर्यादा साधारण ७ इंच दिली आहे आणि ती पाळण्यासारखी आहे. स्टिरिओच्या मागे फ्यूज आहेच की, मग हा कशाला, असं विचारतात. मागचा फ्यूज स्टिरिओला वाचवतो. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीला वाचवतो, म्हणजे बोटीला. मधे कुठे वायर घासून शॉर्ट झाली तर मागचा फ्यूज काहीच करू शकत नाही, फायबर पेटतं आणि समुद्रात पळायला जागा नसते. ४ चौरस मिमीला १५ अँपिअरचा फ्यूज ठीक आहे. उडाला तर मोठा टाकायचा नाही, का उडाला ते शोधायचं.

फ्यूजनंतर स्विच आणि स्विचनंतर पिवळी आणि लाल एकत्र. यात एक तोटा आहे, स्विच बंद केला की स्टेशनं आणि सेटिंग पुसलं जातं. पण फायदा मोठा आहे. पिवळी कायम चालू राहिली की ओलसर, खारट पिनांवर रात्रंदिवस व्होल्टेज राहतं आणि त्या करंटमुळे पिना नुसत्या ओलाव्यापेक्षा कितीतरी लवकर खाल्ल्या जातात. धक्क्याला किंवा नांगरावर आठवडाभर उभ्या राहणाऱ्या बोटीला स्टेशन परत शोधणं परवडतं.

वायर नेताना दर दीड फुटावर क्लिप मारा, बिल्जच्या पाण्याच्या वर ठेवा, आणि जिथे भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) किंवा ग्लँड. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एकमेकींना पीळ देऊन न्या, होकायंत्राला आणि वायरलेसला दोघांनाही त्याने आराम मिळतो.

५. कापणं

टेम्प्लेट चिकटवा, सगळ्या जागेवर मास्किंग टेप लावा आणि टेपवरच खुणा करा. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) आधी उलटा फिरवायचा, वरचा जेलकोटचा थर कापला गेला की मग सुलटा. सुलटाच सुरू केला तर जेलकोटच्या कपच्या उडतात. मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, फायबरची धूळ दिवसभर खाजवते आणि फुप्फुसात गेलेली तर फारच वाईट.

कापल्यावर भोकाची कड बघा. दोन फायबरच्या थरांमध्ये प्लायवूड किंवा फोम दिसला तर त्या कडेला दोन हात इपॉक्सी लावून पूर्ण बंद करा. स्क्रूच्या भोकांनाही. उघडं प्लायवूड पाणी पिऊन आतल्या आत कुजतं. लाकडी होडीला तर हे डबल लागू. इपॉक्सी वाळेपर्यंत थांबा, त्याच दिवशी बसवायची घाई करू नका.

६. जोड

सोल्डर करू का, हा प्रश्न नेहमी येतो. नुसत्या सोल्डरवर भरवसा ठेवू नका. सोल्डर तारेत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि इंजिनाच्या थरथरीने कडक आणि मऊ भाग जिथे मिळतात तिथे तार तुटते. क्रिम्प करायचं. आणि इन्सुलेशन टेप नको, उन्हात ती चिकट होऊन सुटते आणि आत पाणी धरून ठेवते.

क्रम असा: आधी स्लीव्हचा तुकडा वायरीत सरकवून लांब ठेवा (हे विसरून जोड केला की परत कापावा लागतो, फार जणांचं होतं), मग वायर सोला, थिंबल घालून क्रिम्प करा, जोरात ओढून बघा, स्लीव्ह जोडावर आणा आणि हॉट एअरने तापवा. स्लीव्ह आवळली म्हणजे झालं असं नाही. दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कड बाहेर आलेली दिसेपर्यंत तापवायचं. ती कड दिसली नाही तर जोड बंद झालेला नाही.

प्लग लावायच्या आधी पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस, थोडंसंच. ते करंट नेत नाही, ते ओलावा बाहेर ठेवतं, म्हणून पिना घट्ट बसणं महत्त्वाचं. मागे जाणारी प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, प्लगमध्ये जात नाही. पाच मिनिटांचं काम आहे आणि स्टिरिओचं आयुष्य वाढवणाऱ्या कामांत मी ह्याला सगळ्यात वर ठेवीन.

७. स्पीकरच्या वायरी

स्पीकरच्या चारही निगेटिव्ह एकत्र करून एकच वायर आणायची आयडिया कोणी दिली तर ऐकू नका. आताच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही तारा आउटपुटच्या असतात, त्या एकत्र किंवा बॅटरीच्या निगेटिव्हला लागल्या की आतला आयसी जातो. तसंच एका चॅनेलवर ४ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल लावले की २ ओहम होतात, बहुतेक साध्या स्टिरिओला ते झेपत नाही, गरम होऊन बंद पडतो.

तपासा: स्पीकर बसवायच्या आधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला तर कोन बाहेर उसळतो. आत गेला तर खुणा उलट्या आहेत. एक स्पीकर उलटा लागला की बेस गायब होतो.

८. बसवणं आणि सील

स्टिरिओच्या आणि स्पीकरच्या मागे जे रबर किंवा फोमचं गॅस्केट येतं तेच वापरा. अजून काही लावायचं तर न्यूट्रल सिलिकॉन. हार्डवेअरच्या दुकानात जे स्वस्त सिलिकॉन मिळतं, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते वाळताना आम्ल सोडतं आणि तांब्याला, सर्किटला खातं. वास घेऊनच ओळखा. एम-सील लावून कायमचं बंद करू नका, पुढच्या वर्षी काढायचंय.

स्क्रू हाताने आवळा, ड्रिलने नाही, गॅस्केट किंचित दबलं की पुरे. जास्त आवळलं की फ्रेम वाकते आणि दोन स्क्रूंच्या मधून पाणी आत जातं. स्टिरिओला मागून पट्टीचा आधार द्या, लाटेवर बोट आपटते तेव्हा सगळं वजन पुढच्या प्लास्टिकवर येता कामा नये.

मागे प्लास्टिकचं झाकण किंवा डबा लावा, पण हवाबंद करू नका. हवाबंद डब्यात दिवसा स्टिरिओ तापतो, रात्री आतल्या हवेला घाम फुटतो आणि ते पाणी बाहेर जायला वाटच नसते. वायरी खालच्या बाजूने ग्लँडमधून आत, आणि डब्याच्या तळाला सगळ्यात खालच्या जागी एक बारीक भोक.

एफएम ऐकायचं असेल तर कारची अँटेना फायबरवर नीट चालत नाही, तिला खाली पत्रा लागतो. बोटीसाठीची अँटेना वेगळी मिळते.

९. पाण्यात उतरायच्या आधीची चाचणी

वायरलेस सोळा नंबर चॅनेलवर (संकटाची हाक येते ते) ठेवा, स्क्वेल्च (खरखर दाबायचं बटण) अगदी खरखर थांबेल एवढाच ठेवा आणि स्टिरिओ चालू करा. खरखर परत आली तर स्टिरिओ गोंगाट करतोय, म्हणजे लांबची हाक तुम्हाला ऐकू येणार नाही. वायरीचा रस्ता बदला, स्टिरिओच्या पॉवर वायरीवर फेराइटची (गोंगाट अडवणारी) कडी लावा, तरी गेली नाही तर स्टिरिओ बदला, वायरलेसशी तडजोड नको.

मग गाणी चालू ठेवून होकायंत्र परत बघा. इंजिन चालू करून कान द्या, रेसबरोबर चढणारी शिट्टी आली तर बहुधा निगेटिव्हचा जोड चुकलाय. अर्धा तास मोठ्या आवाजात वाजवून फ्यूज होल्डरला आणि प्रत्येक जोडाला हात लावा, गरम लागला तर तो जोड परत करा.

१०. रोजचं आणि पावसाळ्याचं

फेऱ्या संपल्यावर गोड्या पाण्याने ओला केलेला फडका पिळून पुढचा भाग आणि जाळ्या पुसायच्या. प्रेशर वॉशरचा झोत स्टिरिओवर, स्पीकरवर मारायचा नाही, वॉटरप्रूफ असला तरी. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे स्पीकरच्या रबरावर नको. कव्हर घातलं तर आधी पुसून कोरडं करून घाला, नाहीतर मीठ आणि ओल दोन्ही झाकून ठेवल्यासारखं होतं. महिन्यातून एकदा मागचं झाकण काढून नुसती नजर टाका, हिरवं दिसलं की लगेच कनेक्टर क्लीनर आणि ब्रश, मग परत ग्रीस.

जूनमध्ये बोटी वर ओढून शाकारतात तेव्हा स्टिरिओ काढून घरी न्या. बॅटरीचा निगेटिव्ह आधी सुटा करायचा, प्लग काढायचा, बोटीतल्या प्लगला ग्रीस लावून छोट्या पिशवीत बांधून तोंड खाली करून ठेवायचं. स्टिरिओ घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. स्पीकर बोटीतच ठेवले तर पुढून झाकण लावा. नारळी पौर्णिमेच्या आधी परत जोडताना तिसऱ्या टप्प्यासारखं पहिल्यांदा घरीच वाजवून बघा.

भिजलाच तर

लाट आत आली, बोट भरली, स्टिरिओ खाऱ्या पाण्यात गेला. चालू आहे का हे बघायला बटण दाबू नका, लोक सगळ्यात पहिलं तेच करतात. आधी बॅटरी सोडवा. मग स्टिरिओ काढून भरपूर गोड्या पाण्याने धुवा, हो, धुवाच, कारण पाण्यापेक्षा मीठ राहिलं तर जास्त नुकसान. शेवटचं पाणी डिस्टिल्ड असेल तर चांगलं, बॅटरीत घालायला आणतो तेच. मग सावलीत पंख्यासमोर तीन-चार दिवस, तांदळात बिंदळात नको, पीठ आणि धूळ आत जाते. वायरीची टोकं मात्र तशीच परत जोडू नका. वायर मागे मागे कापत जा आणि लख्ख तांबं किंवा पांढरी कल्हई दिसली की तिथून नवीन जोड करा, आणि बॅटरीजवळचा फ्यूज होल्डर त्याच वेळी बदलून टाका.